ठरलेल्या दराचे साडू

कर्जाला इतका मान देणारा माणूस साऱ्या मुंबई इलाख्यात दुसरा झाला नसेल, असं मी माझ्या थोरल्या साडूंविषयी बेधडक सांगतो. लोक कर्ज काढतात, फेडतात, लपवतात, बुडवतात. फार तर त्यावरून बायकोशी भांडतात. आमचे साडू कर्जाला मुलीच्या सासऱ्यासारखं वागवायचे. त्याचा विषय निघाला की लोडाला टेकलेले असले तरी सरळ बसत, आणि कुणी "थोडंसं कर्ज आहे हो आमच्यावर" असं हसत म्हणालं, तर समोरचा चपला घालून गाभाऱ्यात शिरल्यासारखा त्यांचा चेहरा होई. घाटकोपरला आग्रा रोडच्या आतल्या अंगाला त्यांचा बिजागऱ्यांचा कारखाना होता. पितळी, लोखंडी, दारांच्या, खिडक्यांच्या, कपाटांच्या. त्या काळात घाटकोपर-मुलुंडकडे भाताची खाचरं बुजवून इमारती उठत होत्या. इमारत आली की दारं आली, आणि दार म्हटलं की बिजागऱ्या आल्याच, एवढ्या साध्या विचारावर या गृहस्थांनी आपला संसार उभा केला होता.

मी त्यांना नीट पाहिलं ते माझ्याच लग्नात. सीमांतपूजनाला मुलीकडचे थोरले जावई म्हणून ते हवे होते आणि सापडत नव्हते. शोधायला गेलेल्यांनी येऊन सांगितलं, की ते मागच्या खोलीचं दार उघडताहेत आणि लावताहेत, उघडताहेत आणि लावताहेत, आणि आत नवरीच्या दोन मावशा साड्या बदलायच्या खोळंबल्या आहेत. शेवटी ते आले. मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "खालची बिजागरी उलटी बसवलीय. आमची नव्हे." मग त्यांनी विचारलं, "आपण काय करता?" म्हटलं, विमा कंपनीत कारकून आहे, मुलुंडला राहतो, पगार ठरलेला आहे. "ठरलेला?" त्यांचे डोळे लकाकले. माझा हात दोन्ही हातांत घेऊन ते म्हणाले, "उत्तम. माणसाचं काहीतरी ठरलेलं असावं." माझ्या तुटपुंज्या पगाराचं त्याआधी आणि त्यानंतर कुणी इतकं कौतुक केलेलं मला आठवत नाही.

कारखाना त्यांनी प्रायव्हेट लिमिटेड करून घेतला, आणि त्या दिवसापासून त्यांच्या लेखी तो कारखाना उरला नाही. ती कंपनी झाली, म्हणजे एक वेगळं बाईमाणूस झालं. वकिलाने त्यांना सांगितलं होतं, की कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असते. वकील असं सगळ्यांनाच सांगतात आणि सगळेच मान डोलावून विसरतात. साडूंनी ते मंत्र घेतल्यासारखं घेतलं. "यंदा ती थकलीय," "तिला विचारल्याखेरीज मला शब्द देता यायचा नाही," "तिच्या टेलिफोनवरून मी घरचं बोललो, त्याचे पैसे द्यायचे राहिलेत," असं ते बोलत. नवखा माणूस गोंधळून अक्काकडे, म्हणजे माझ्या मेव्हणीकडे, बघायला लागे. अक्का शांतपणे पोहे पुढे करून म्हणे, "घाबरू नका. माझी सवत आहे, आग्रा रोडला राहते." एकदा अक्काच्या फडताळाची बिजागरी तुटली. कारखान्यात बिजागऱ्यांच्या राशी पडलेल्या, पण साडू बाजारात गेले आणि दुकानातून आपल्याच छापाची बिजागरी पुऱ्या किमतीला विकत घेऊन आले. अक्काने कपाळावर हात मारला. "अहो, कारखान्यातून एक आणली असती तर काय झालं असतं?" साडू मूळचे मालवणकडचे; संतापले किंवा गहिवरले की घसरून मालवणीत जात. "तां माझां नाय," ते म्हणाले, "तां कंपनीचां आसा!" आणि स्टुलावर चढून बिजागरी बसवायला लागले.

या माणसाला एकदा मोठं कर्ज काढायची वेळ आली. मागणी वाढली होती, जुनी यंत्रं पुरी पडेनात, नवी शेड हवी होती. त्यांच्या भिंतीला भिंत लागून एका गुजराती शेठचा प्लायवूडचा कारखाना होता. शेठ मोठा दिलदार, हसरा आणि घाईचा माणूस. त्यालाही त्याच सुमारास वाढायचं होतं. तो म्हणाला, "भाऊ, बँक पाच टक्क्यांनी देते ना! घेऊन टाका. मी पण घेतो. दोघं बरोबर सही करू." साडू बँकेत गेले. बँकेच्या पायऱ्या चढताना ते चपला काढायच्याच काय त्या बाकी ठेवत. मॅनेजरने चहा मागवला, पाचाचा आकडा सांगितला आणि जाता जाता म्हणाला, की हा दर अर्थात कायमचा नव्हे; वरून दर वाढला की आमचाही वाढेल, कमी झाला की कमी होईल. साडूंनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी कर्ज आज घेणार, आणि ते केवढ्याला पडलं हे तुम्ही मला पुढे कधीतरी सांगणार?" मॅनेजर हसला. साडू हसले नाहीत. नमस्कार करून निघून आले.

त्यांनी ठरवलं, की कंपनीने कर्जरोखे काढायचे; दहा वर्षांचे, सहा टक्क्यांचे. दर वर जावो की खाली येवो, सहा म्हणजे सहा. कर्ज द्यायचं ते ओळखीच्यांनी. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पाचाने मिळत असताना सहा द्यायचे? शेठ तर भिंतीवरून ओरडला, "अरे भाऊ, एक टक्का कशाचा देता? दक्षिणा काय?" साडू म्हणाले, "झोपेचा देतो, शेठ." ज्या दिवशी शेठने बँकेचे पैसे उचलले, त्या दिवशी पेढे आले. साडूंनी पेढा खाल्ला आणि रोखे घेऊन घरोघर निघाले.

पण त्यांचं पैसे मागणंही जगावेगळं होतं. लोक पैसे मागताना गोड बोलतात. हे समोरच्याला घाबरवून सोडत. आमच्या मुलुंडच्या इमारतीत एका शाळेच्या हेडबाई राहत होत्या. अविवाहित, सडसडीत, आवाज असा की खालच्या मजल्यावरची मुलं जेवताना पाठ ताठ करत. त्यांना रोखे घ्यायचे होते, म्हणून मी दोघांची गाठ आमच्या घरी घालून दिली. साडूंनी सुरुवातच अशी केली, "बाई, देऊ नका. आधी ऐका. दहा वर्षं तुमचे पैसे अडकतील. उद्या दर उतरला आणि जग चार टक्के द्यायला लागलं, तरी कंपनी तुम्हाला सहाच देईल. तेव्हा तुम्ही जिंकलात. पण दर चढला, लोक आठ द्यायला लागले, तरी तुम्हाला सहाच. तेव्हा मी जिंकलो."

"म्हणजे ही पैज झाली," हेडबाई म्हणाल्या.

"पैज नव्हे. लग्न आहे. पुढे याहून बरं स्थळ आलं तरी मोडता येत नाही."

आमची ही चहा आणता आणता दारातच थबकली. हेडबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात इतक्या वर्षांत कुणी त्यांना असं उत्तर दिलं नसावं. "त्या बाबतीत मला अनुभव नाही," त्या म्हणाल्या, "पण माणूस स्पष्ट बोलतो. लिहून घ्या माझं नाव." आणि साठवलेली जवळजवळ सगळी पुंजी त्यांनी साडूंच्या कंपनीत ठेवली.

पुढची काही वर्षं साडूंची चेष्टा होण्यात गेली. दर होता तिथेच होता. शेठने दुसरा मजला चढवला, दोन परदेशी यंत्रं आणली, मोटार घेतली. मोटारीतून जाताना तो साडूंसाठी थांबे, आणि साडू "चालायचं ठरलंय" म्हणून पुढे चालू लागत. सासुरवाडीच्या पंगतीत त्यांना मुद्दाम विचारत, "काय जावईबापू, एक टक्क्याची झोप लागते ना नीट?" ते जिलबी तोडत म्हणत, "गाढ." आम्हाला हसू येई. त्यांना त्याचं काहीच वाटत नसे, याचं मात्र मला नेहमी नवल वाटे. मला ऑफिसात कुणी शर्टाच्या कॉलरवरून टोमणा मारला, तर तो मला आठवडाभर पुरायचा.

आणि मग दर चढला. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. अख्खी मुंबई एका आण्याचे किती, दोन आण्यांचे किती यात गुंतलेली. भाजीवाली, कंडक्टर, पोस्टातला मनुष्य, सगळ्यांची एकमेकांशी जुंपलेली. त्या गदारोळात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती बातमी कुणी वाचली नाही. साडूंनी वाचली. मी त्या सकाळी योगायोगाने त्यांच्याकडे होतो. त्यांनी पान घडी घालून ठेवलं आणि जिंकल्याचा आनंद सोडाच, घरात कुणी आजारी पडावं तशा सुरात म्हणाले, "शेठचं कसं व्हायचं?"

शेठचं व्हायचं तेच झालं. बँकेने त्याचा दर वाढवला, काही महिन्यांनी आणखी वाढवला. ज्या यंत्रांनी कर्ज फेडायचं, त्या यंत्रांची कमाई सगळी व्याजात जाऊ लागली. त्यात बिल्डरांनाही पैसा महाग झाला. अर्ध्या बांधलेल्या इमारती तशाच उघड्या राहिल्या. मुलुंड-भांडुपकडे नुसते खांब उभे. इमारती थांबल्या तसं प्लायवूड थांबलं. शेठची मोटार गेली, मग परदेशी यंत्रं गेली. बिजागऱ्याही थांबल्या, हे सांगायलाच हवं. साडूंच्या गोदामात खोके आढ्याला भिडले. पण त्यांचं व्याज होतं तेवढंच राहिलं. कंपनी ओढगस्तीत का होईना, उभी राहिली. पंगतीत आता कुणी काही विचारीना. एका मेव्हण्याने तर उठून त्यांना स्वतः वाढलं.

अशात हेडबाई माझ्याकडे आल्या. त्यांची धाकटी बहीण विधवा होऊन दोन मुलांसह त्यांच्याकडे आली होती. एका खोलीत चौघं राहत होती. जवळच एका सोसायटीत दोन खोल्यांची जागा मिळत होती, पण पैसे लगेच भरायला हवे होते. रोखे विकायला त्या एका दलालाकडे गेल्या, तर तो शंभराला नव्वद म्हणाला. "सहा टक्क्यांचा कागद आहे, बाई," त्याने सांगितलं, "बाहेर आज आठ मिळतात. पुऱ्या किमतीला कोण घेईल?" बाईंचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं जात होतं. "त्यांनी मला आधी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "माझी तक्रार नाही. एकदा विचारून बघावं म्हणते."

आम्ही दोघं घाटकोपरला गेलो. शेठही तिथेच बसला होता. हल्ली त्याला बसायला वेळ बराच होता. बाईंचं ऐकून घेऊन शेठने साडूंना बाजूला नेलं. बाजूला म्हणजे त्या खोलीत दोन हातांवर. सगळं ऐकू येत होतं. "भाऊ, नशीब आहे तुमचं. तुमच्या कंपनीने शंभर देणं आहे ना? ते देणं आज नव्वदला मिटतं. कंपनीलाच घ्यायला सांगा. दहा रुपये फुकटचे!" तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या दृष्टीने बुडत्या काळात मित्राला काडी दाखवत होता.

साडू बाईंकडे येऊन म्हणाले, "बाई, शेठ बोलतात ते खरं आहे. कंपनीने नव्वदची वस्तू शंभरला घेतली, तर मी तिचा विश्वासघात केला. उरलेल्यांचे पैसे तिच्याकडे आहेत. आणि तिने तुमच्याकडून नव्वदला घेतली, तर..." इथे ते थांबले. "तर माका झोप लागाची नाय." मालवणी ऐकल्यावर मी ओळखलं, की आता काहीतरी भलतंच होणार.

"मला चार दिवस द्या," ते म्हणाले. "कंपनी घेणार नाही. मी घेतो. शंभरला."

"तुमच्याकडे आहेत?" हेडबाईंनी विचारलं.

"नाहीत," साडू म्हणाले. "म्हणूनच चार दिवस."

त्या चार दिवसांत त्यांनी काय केलं, ते मला अक्काकडून कळलं. ते बँकेत गेले. त्याच मॅनेजरपुढे बसले. दोघांच्या नावावरचं राहतं घर गहाण टाकलं आणि स्वतःच्या नावावर कर्ज काढलं. चढलेल्या दराने, आणि तेही उद्या आणखी चढू शकेल अशा. ज्या माणसाने जन्मभर हलत्या दराला अंगाला शिवू दिलं नाही, लोकांचं हसू सोसलं, त्याने ते आपल्या डोक्यावर घेतलं. बँकेला साडेसात द्यायचे आणि बाईंच्या रोख्यांवर कंपनीकडून सहा घ्यायचे. मधला दीड टक्का खिशातून, दर वर्षी, मुदत संपेपर्यंत. मला हा हिशेब झेपेना. अक्काला विचारलं, "तुम्ही सही कशी केलीत?" अक्का वाल सोलत होती. म्हणाली, "दोन दिवस जेवत नव्हते. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवून सगळं समजावलं. दर काय, रोखा काय. मला काही कळलं नाही. म्हटलं, बाईंना खोली मिळेल का? तर हो म्हणाले. मग केली सही."

एवढ्यावर मिटायचं, तर मधल्या काळात कुणीतरी उठवलं, की कंपनी डबघाईला आली, साडूंनी घर गहाण टाकलं. दुसरी गोष्ट खरीच असल्यामुळे पहिलीही खरी ठरली. शनिवारी सकाळी बाईंना पैसे घ्यायला मी घेऊन गेलो, तेव्हा कारखान्यापुढे सगळे रोखेवाले जमले होते. निवृत्त स्टेशनमास्तर, दोन कंपाउंडर, साडूंचे गाववाले, आमच्या सासुरवाडीचेही दोघे. "आमचे पण द्या" एवढंच सगळ्यांचं म्हणणं. कागदावर मुदतीआधी मागायचा कुणालाच हक्क नव्हता, पण माणसं घाबरली की कागद कोण वाचतो? साडू दारात उभे होते. त्यांच्याकडे पैसे होते ते फक्त बाईंपुरते. त्यांनी ते लपवलं नाही. "आज एकालाच देऊ शकतो," ते म्हणाले, "ते या बाईंना." गलका एकदम वाढला. मला वाटलं, संपलं सगळं.

साडूंनी सगळ्यांच्या देखत पैसे बाईंच्या हातात मोजून दिले. बाईंनी ते पिशवीत ठेवले, पायरीवर चढल्या आणि वर्गाकडे पाहावं तसं त्या गर्दीकडे पाहिलं.

"मला पुरे शंभर मिळाले," त्या म्हणाल्या. "बाजारात नव्वद मिळत होते. हे कंपनीचे नाहीत. या गृहस्थांनी घर गहाण टाकून दिलेत. मला गरज होती म्हणून. आता ज्याला गरज आहे त्याने हात वर करावा. भीती वाटते त्याने करू नये."

कुणी हलेना. स्टेशनमास्तरांचा हात अर्धा वर गेला होता. तो त्यांनी डोकं खाजवायला वापरला. हळूहळू एकेक जण खाली बघत निघाला. एका कंपाउंडरने जाता जाता साडूंना विचारलं, "व्याज वेळेवर मिळेल ना?" साडू म्हणाले, "ठरलंय ना." शेवटी आम्हीच उरलो. शेठ भिंतीपलीकडून सगळं बघत होता. त्याने चहा पाठवला. साडू ओट्यावर बसले, आणि कप बाईंनी त्यांच्या हातात दिला.

पुढे वर्षाभरात इमारतींची कामं पुन्हा सुरू झाली. गोदामं रिकामी झाली, शेठनेही एका जुन्या यंत्रावर बेताने सुरुवात केली, आणि यावेळी कर्ज काढण्याआधी तो साडूंकडे येऊन तासभर बसला. दर मात्र उतरला नाही. त्या बिचाऱ्याला उतरायचं माहीतच नसावं. साडू मधला दीड टक्का भरत राहिले. त्याबद्दल पुन्हा एक शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. मुदत भरली तेव्हा कंपनीने सगळ्यांचे सगळे पैसे परत केले आणि घर सुटलं. मी म्हटलं, "आता मोकळे झालात." तर ते जरा उदासच दिसले. "हो," म्हणाले, "आता व्याज द्यायला म्हणून कुणाकडे जायचं निमित्त राहिलं नाही."

ते गेले तो दिवस मला अजून दिसतो. माणूस गेला की घेणेकरी गोळा होतात, असं मी ऐकत आलो होतो. त्या दिवशी घाटकोपरच्या त्या घरात जमलेले बहुतेक लोक एकेकाळचे त्यांचे घेणेकरीच होते. स्टेशनमास्तर काठी टेकत आले होते. हेडबाईंना बहिणीच्या मुलाने हाताला धरून आणलं होतं. कुणाचं एका पैचंही येणं उरलं नव्हतं, आणि मी बघत होतो, दुपार कलली, सावल्या लांबल्या, तरी त्यांच्यातलं कुणी उठत नव्हतं.